गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि विद्यापीठाचे दायित्व : एक प्रस्तावना

दिल्लीच्या उत्तर अंगाला अरवलीची जी शेवटची धार यमुनेच्या दिशेने उतरत जाते आणि जिला त्या शहरात सर्वजण ‘रिज’ या नावानेच ओळखतात, तिच्यावर मलकागंजच्या बाजूस महानगरपालिकेचे जे विस्तीर्ण रुग्णालय उभे आहे, त्याला एका मराठी सरदाराचे नाव लाभलेले आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाच्या ध्यानात नसावी. कागलच्या सर्जेराव घाटग्यांचा पुत्र आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचा बंधू हिंदुराव घाटगे याने, 1835 साली विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा खून झाल्यानंतर, फ्रेझरने या टेकडीवर बांधलेली हवेली विकत घेतली. हिंदुरावाच्या पश्चात 1857 च्या वेढ्यात तिच्याच आसऱ्याने इंग्रजांनी आपली फळी टिकवून धरली. आणि पुढे काळाच्या ओघात जिथे तोफा डागल्या गेल्या तिथे रुग्णांच्या खाटा आल्या. मीरतेहून फिरोजशहा तुघलकाने आणवलेला अशोकस्तंभ या रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्या सुलतानाच्या काळातील बारव तर आजही रुग्णालयाच्या आवारातच आहे. इतक्या राजवटींचे अवशेष जिथे एकमेकांना चिकटून उभे आहेत, त्या जागी जुने शहर, सब्जीमंडी आणि यमुनेकाठच्या वस्त्या येथून येणाऱ्या स्त्रिया बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर हातात धरून तासन्‌तास बसतात, आणि त्यांतल्या कित्येकींची तक्रार एवढीच असते की अंगावरून पांढरे जाते, किंवा पाळी बंद होऊन वर्षे लोटली तरी पुन्हा रक्त दिसू लागले आहे.

त्याच टेकडीच्या कुशीत, येथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, दिल्ली विद्यापीठ आहे. 1922 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला 1933 मध्ये जुने व्हाइसरॉय भवन मिळाले, आणि त्या वास्तूभोवती प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मानवशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य, अर्थशास्त्र असे विभाग एकेक करून वाढत गेले. आंबेडकर जन्मशताब्दीच्या 1991 या वर्षी जैववैद्यकीय संशोधनाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रही तिथेच उभे राहिले. परंतु हिंदुराव रुग्णालयाला जोडून 2013 साली जे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते संलग्न आहे शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेत असलेल्या गुरू गोविंदसिंह इंद्रप्रस्थ विद्यापीठाशी. आणि दिल्ली विद्यापीठाची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालये आहेत मध्य दिल्लीत आणि यमुनेपलीकडे. म्हणजे जिच्या शरीरात रोग आहे ती स्त्री, त्या रोगाची पेशी ओळखणारा विकृतिशास्त्रज्ञ, त्या पेशीतील विषाणूचा वंश शोधणारा जीवशास्त्रज्ञ आणि ती स्त्री इतक्या उशिरा का आली याचा विचार करू शकणारा समाजशास्त्राचा अभ्यासक, हे चौघे एकाच टेकडीच्या परिसरात असूनही तीन निरनिराळ्या दप्तरांच्या हद्दीत मोडतात. यात कोणा एका संस्थेचा दोष आहे असे मला म्हणावयाचे नाही. आपल्या देशातील विद्येचा कारभार ज्या रीतीने वाढला त्या रीतीचाच हा परिणाम आहे. मात्र गर्भाशयमुखाच्या कर्करोगाइतका हा परिणाम दुसऱ्या कोणत्याही रोगात महाग पडत नसेल, आणि म्हणूनच या विषयाची ओळख करून देताना रोगापेक्षा आधी या हद्दींचा उल्लेख करणे मला अवश्य वाटले.

रोगाचे स्वरूप आता पुरेसे उलगडलेले आहे. मानवी पॅपिलोमा विषाणू, ज्याला वैद्यकात संक्षेपाने एचपीव्ही म्हणतात, तो लैंगिक जीवनाच्या आरंभी बहुसंख्य स्त्रीपुरुषांच्या शरीरात कधी ना कधी प्रवेश करतो आणि बहुतेकांच्या बाबतीत वर्षा-दोन वर्षांत शरीरच त्याचा निकाल लावते. ज्या थोड्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखावर त्याचे काही विशिष्ट प्रकार, त्यांतही सोळावा आणि अठरावा हे प्रकार, ठाण मांडून बसतात, त्यांच्या पेशींत हळूहळू विकृती निर्माण होते, आणि त्या विकृतीचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. पंधरा-वीस वर्षांची ही मुदत निसर्गाने दिलेली सवलत आहे, आणि ती वाया घालवणे हा सर्वस्वी मानवी व्यवहार आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 27 हजार स्त्रियांना हा रोग नव्याने जडला आणि सुमारे 80 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. जगातल्या अशा साडेतीन लाख मृत्यूंपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक मृत्यू एकट्या आपल्या देशातले आहेत. आणि त्याच देशात, 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींची या रोगासाठी एकदा तरी तपासणी झालेली होती. ज्याचे कारण ठाऊक आहे, ज्याची लस आहे, ज्याची पूर्वावस्था साध्या डोळ्यांना दिसू शकते आणि त्या अवस्थेतले उपचार काही मिनिटांत होऊ शकतात, त्या रोगाने दर काही मिनिटांनी एक स्त्री मरावी, या वस्तुस्थितीचा उलगडा केवळ वैद्यकशास्त्राला करता येणार नाही.

या रोगाच्या ज्ञानाचा इतिहास पाहिला तर त्यातली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची पायरी दोन विद्यांच्या सीमेवर रचली गेल्याचे दिसते. व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी चाळताना रिगोनी-स्टर्न या इटालियन वैद्याला 1842 मध्ये ख्रिस्ती जोगिणींत हा रोग विरळा आणि विवाहितांत अधिक असल्याचे आढळले, तेव्हा त्याच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता, मृत्यूंची यादी होती. जॉर्ज पापानिकोलाउ, ज्याच्या नावाने पॅप चाचणी ओळखली जाते, हा मूळचा ग्रीक. त्याने म्युनिकला डॉक्टरेट घेतली ती प्राणिशास्त्रात, आणि न्यूयॉर्कला कॉर्नेल विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात तो कित्येक वर्षे गिनीपिगांच्या ऋतुचक्राचा अभ्यास करीत होता. त्या प्राण्यांच्या योनिस्रावाचे लेप काचेवर घेता घेता मानवी स्त्रीच्या स्रावात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतील हे त्याला दिसले. 1928 साली त्याने ते मांडले तेव्हा वैद्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. पुढे त्याच विद्यापीठातील हर्बर्ट ट्राउट हा स्त्रीरोगतज्ज्ञ त्याच्याबरोबर उभा राहिला, रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांचे नमुने पद्धतशीरपणे प्रयोगशाळेत जाऊ लागले, हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकाराने त्या पेशींची रंगीत चित्रे रेखाटली, आणि 1943 च्या त्यांच्या ग्रंथानंतर ही तपासणी जगन्मान्य झाली. एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली शरीररचनाशास्त्रज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि चित्रकार एकत्र आले नसते, तर ती कल्पना आणखी किती वर्षे विस्मृतीत पडून राहिली असती हे सांगणे कठीण आहे. या रोगामागील विषाणूचा शोध लावणारे हारल्ड त्सुर हाउजेन, ज्यांना 2008 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनीही हा प्रश्न स्त्रीरोगशास्त्राच्या बाहेरून, विषाणुशास्त्रातून हाती घेतला होता.

महाराष्ट्राच्या वाचकाला या प्रकरणात आपली दोन माणसे आठवली पाहिजेत. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ. कर्करोग हा केवळ एका देहातला बिघाड नसून त्याच्या मागे चालीरीती, आहार, स्वच्छता, विवाहाचे वय आणि जगण्याची परिस्थिती यांचा हात असतो, या दृष्टीने त्यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांतील कर्करोगांचे प्रमाण ताडून पाहिले, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्व समाजांत सारखा आढळत नाही याकडे जगाचे लक्ष वेधले. हे काम सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेइतकेच शिरगणतीच्या वहीचेही होते. पुढे 1952 मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, आणि साठीच्या दशकाच्या आरंभी हेच खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संशोधक स्वतः कुलगुरूच्या आसनावर बसतो तेव्हा विद्यापीठाच्या मुद्रेचे आणि प्रयोगशाळेच्या टेबलाचे नाते किती जवळचे असू शकते, याचे ते उदाहरण आहे.

दुसऱ्या डॉ. कमल रणदिवे. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयातील जीवशास्त्राचे अध्यापक दिनकर दत्तात्रेय समर्थ यांच्या या कन्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळाच्या पेशीजननावर त्यांनी एम.एस्सी. केले, विवाहानंतर मुंबईस आल्या, आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी 1949 मध्ये मिळवली. सीताफळाच्या गुणसूत्रांपासून मानवी कर्करोगापर्यंतचा हा प्रवास आजच्या काटेकोर विभागरचनेत किती विद्यापीठे मान्य करतील, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराने वैद्यकीय विषयावर प्रबंध नोंदवायचा म्हटले की पात्रतेच्या दाखल्यापासूनच कैफियत सुरू होते. रणदिवे पुढे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी आपल्या देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईत उभारली. गाय यांची ती प्रयोगशाळा म्हणजे जिथे 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखातील कर्करोगाच्या पेशी प्रथमच शरीराबाहेर अखंड वाढत राहिल्या ती जागा. त्या पेशी तिच्या संमतीवाचून घेतल्या गेल्या, ती त्याच वर्षी मरण पावली, आणि तिच्या पेशींवर पोलिओच्या लसीपासून कितीतरी शोध पार पडले. जगातील असंख्य प्रयोगशाळांचे काम एका गरीब स्त्रीच्या याच रोगावर उभे आहे, आणि तिच्या कुटुंबाला कित्येक वर्षे त्याची वार्ताही नव्हती, ही गोष्ट या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितली गेली पाहिजे असे माझे मत आहे.

परंतु सहकार्याने चाललेल्या संशोधनाचे आपल्याकडील सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचे नाही आणि दिल्लीचेही नाही. ते सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे आहे. तिथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने आणि टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने 1987 मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील 346 गावे तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. येथे रुग्ण रुग्णालयात जातच नव्हते, तेव्हा नोंदणीच्या सेवकांना गावोगाव फिरून तलाठी, कोतवाल, सुईण, शाळामास्तर यांच्याकडे चौकशी करावी लागली, आणि चौकशी करता करता गर्भाशयाच्या, म्हणजे गावच्या बोलीत पिशवीच्या, तोंडाचा कर्करोग कसा ओळखावा हेही त्यांना सांगावे लागले. आश्चर्य असे की केवळ या बोलण्याचालण्यानेच स्त्रिया लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या, आणि पुढे जेव्हा शेजारच्या माढा तालुक्याशी तुलना केली गेली तेव्हा ज्या गावांत हे बोलणे झाले होते तेथील रुग्णांचे आयुर्मान अधिक असल्याचे दिसून आले. मोजणी करावयास गेलेला कारकून आरोग्यशिक्षक ठरला. अशा तऱ्हेचा निष्कर्ष कोणत्याही एका विभागाच्या अभ्यासक्रमात बसत नाही. तो संख्याशास्त्राचा, समाजकार्याचा आणि वैद्यकाचा एकाच वेळी आहे.

याच भूमीवर, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात, फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय यांनी मिळून विसाव्या शतकाच्या अखेरीस एक विराट प्रयोग हाती घेतला. गावांचे 52 गट पाडून तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचे चार भाग केले गेले: एका भागात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले तेच आम्ल, लावून उघड्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2009 मध्ये जो निकाल प्रसिद्ध झाला त्याने जगातील आरोग्यधोरणांना दिशा दिली: विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या भागात या रोगाने 34 स्त्रिया दगावल्या होत्या, तर नेहमीच्या व्यवस्थेच्या भागात 64. हे दोन आकडे मिळवण्यासाठी काय काय लागले याचा विचार केला म्हणजे मन भरून येते. मराठवाड्याच्या उन्हात घरोघरी गेलेल्या कार्यकर्त्या लागल्या. नमुने वेळेत पोचवणाऱ्या जीपगाड्या आणि शीतपेट्या लागल्या. पेशी वाचणारे तंत्रज्ञ, गट पाडणारे संख्याशास्त्रज्ञ, उपचार करणारे शल्यविशारद, आणि सर्वांहून अवघड म्हणजे आठ वर्षांनंतरही ‘त्या बाई आता कुठे आहेत’ हे सांगू शकणारी नोंदवही लागली. अशा नोंदवहीची परंपरा 1987 पासून तयार होती म्हणून हा प्रयोग शक्य झाला. संशोधनाला पैसा लागतो हे सर्वांना कळते; त्याला सातत्य लागते, आणि ते सातत्य तीन वर्षांच्या अनुदानातून विकत मिळत नाही, हे बार्शीने दाखवून दिले.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत 1998 पासून टाटा स्मारकाने केलेला दुसरा प्रयोगही याच जातीचा. दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी आम्ललेपाची पाहणी करण्यात आली, सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात सामील होत्या, आणि बारा वर्षांच्या अखेरीस या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे निष्पन्न झाले. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या देशाला हा निष्कर्ष किती मोलाचा आहे हे सांगावयास नको. पण येथेच एक गंभीर आक्षेपही नोंदवला पाहिजे. तुलनेसाठी ठेवलेल्या भागांतील स्त्रियांची तपासणी न करता त्यांच्यातील मृत्यू मोजत राहणे न्याय्य होते काय, असा प्रश्न देशातील आणि परदेशातील अभ्यासकांनी उपस्थित केला. प्रयोगकर्त्यांचे उत्तर असे की त्या स्त्रियांना एरवीही कोणतीच तपासणी मिळत नव्हती आणि स्वस्त पद्धतीची खात्री पटवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. तरी मला वाटते, अशा प्रश्नाचा निवाडा प्रयोग संपल्यावर नियतकालिकांच्या पानांत होण्याऐवजी प्रयोगाची आखणी चालू असतानाच, तत्त्वज्ञान, कायदा आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या समक्ष व्हायला हवा होता. विद्यापीठाखेरीज ही सारी मंडळी एका छपराखाली कुठे मिळणार?

संमतीचा प्रश्न पुन्हा 2010 मध्ये उभा राहिला. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे एका परदेशी संस्थेच्या एचपीव्ही लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध दिसून आला नाही, पण आश्रमशाळांतील मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहप्रमुखांनी सह्या केल्याचे उघडकीस आले, आणि सरकारने या लसीची सर्व संशोधने थांबवली. त्या आदेशाने आणखी एक स्वतंत्र प्रयोगही मध्येच थांबला, ज्यात बार्शी, पुणे, मुंबई, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि इतर केंद्रे मिळून लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करीत होती. हजारो मुलींना ठरलेल्या मात्रांऐवजी एकच मात्रा मिळालेली होती. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा चालू ठेवला, आणि 2021 मध्ये असे दिसून आले की एका मात्रेनेही विषाणूच्या चिवट संसर्गापासून दोन किंवा तीन मात्रांइतकेच संरक्षण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या अखेरीस एका मात्रेचा पर्याय मान्य केला त्यामागे या भारतीय मुलींचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम संस्थेच्या स्वदेशी लसीला मंजुरी मिळाली. एका प्रशासकीय स्थगितीतून असे फळ निघाले ते केवळ निरनिराळ्या शहरांतील माणसे नोंदींना चिकटून राहिली म्हणून. आणि ती स्थगिती यावी लागली ती मुलीच्या आईशी तिच्या भाषेत बोलण्याचे काम कोणाच्याच कर्तव्यात नीट बसवलेले नव्हते म्हणून.

आता पुन्हा दिल्लीचा विचार करू. या शहराजवळ साधने कमी नाहीत. 1979 मध्ये मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात डॉ. उषा लूथरा यांच्या पुढाकाराने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पेशीविज्ञान केंद्र निघाले. गर्भाशयमुखातील विकृत पेशींचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे हे आपल्या देशातले आद्य केंद्र. पुढे तेच राष्ट्रीय दर्जाची संस्था होऊन नोएडास गेले. तेथील डॉ. भूदेव चंद्र दास यांनी भारतीय स्त्रियांच्या अर्बुदांत सोळाव्या प्रकारच्या विषाणूचे प्राबल्य दाखवून दिले, आणि नंतर त्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या आंबेडकर केंद्राची धुरा वाहिली. एक संशोधक परिषदेच्या संस्थेतून विद्यापीठात येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक संपूर्ण परंपरा येते. ती परंपरा पाच-दहा विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत संपावी, की हिंदुराव, गुरू तेगबहादूर, लेडी हार्डिंग यांसारख्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांपर्यंत पोचावी, हे मात्र व्यक्तीच्या गुणांवर नव्हे, विद्यापीठाच्या तजविजीवर अवलंबून असते.

या तजविजीचे स्वरूप काय असावे याविषयी माझी मते स्पष्ट आहेत. निधी हवाच, पण आंतरविभागीय संशोधनाला विद्यापीठाने द्यावयाचा आधार निधीपाशी सुरू होत नाही. तो सुरू होतो प्रबंधाच्या नोंदणीपाशी. आपल्याकडे प्रबंध एका विभागाच्या नावे दाखल होतो, मार्गदर्शकाची गणना एका विभागात होते, आणि बढतीच्या वेळी ज्या लेखावर आपले नाव प्रथम आहे त्याचेच वजन पडते. अशा व्यवस्थेत संख्याशास्त्राच्या तरुण अध्यापकाने स्त्रीरोगविभागाच्या आकडेवारीवर दोन वर्षे खर्च करणे म्हणजे स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडणे होय, आणि ते त्याच्याकडून अपेक्षिणेही अन्यायाचे आहे. म्हणून संयुक्त मार्गदर्शनाला पूर्ण मान्यता, सामायिक कामाला बढतीत हिशेब, आणि रुग्णालयातील डॉक्टरला आठवड्यातले काही तास संशोधनासाठी रीतसर मोकळे, या तीन गोष्टी सर्वांत आधी व्हावयास हव्यात. रोज शेकडो रुग्ण तपासणाऱ्या महापालिकेच्या डॉक्टरला ‘तुम्हीही संशोधन करा’ असे सांगणे सोपे आहे. त्याच्या जागी तेवढा वेळ दुसरा कोणी बसेल याची तरतूद करणे अवघड आहे, आणि खरा आधार हाच.

त्यानंतर येते नोंदवही. एका नमुन्याला एक क्रमांक, आणि तो क्रमांक रुग्णालयात, प्रयोगशाळेत आणि वस्तीत एकच. एवढी साधी शिस्त नसल्यामुळे किती काचपट्ट्या धूळ खात पडतात आणि किती स्त्रियांना त्यांचा निकाल कधीच कळत नाही, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना विचारावे. तपासणी करून निकाल न कळवणे हे तपासणी न करण्याहून वाईट आहे, कारण त्याने विश्वास जातो, आणि एकदा गेलेला विश्वास शेजारच्या दहा घरांनाही घेऊन जातो. म्हणून क्षेत्रकार्य करणाऱ्या स्त्रीचे वेतन प्रकल्पाच्या मुदतीवर टांगलेले नसावे. तिची जागा विद्यापीठाच्या कायम आस्थापनेवर असावी. तिच्या हातचा कागद हा प्राध्यापकाच्या लेखाचा पाया आहे, आणि लेखात तिचे नाव यावे असेही मला वाटते. शिवाय भिन्न विद्यापीठांना संलग्न असलेल्या संस्थांसाठी एकच संयुक्त नीतिसमिती असावी, म्हणजे टेकडीच्या एका बाजूची परवानगी दुसऱ्या बाजूस पुन्हा मागण्यात महिने जाणार नाहीत आणि ज्यांच्यावर संशोधन होते त्यांची बाजू मांडणारा आवाजही एकच आणि अधिकाराचा राहील.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये जगापुढे ठेवलेले उद्दिष्ट असे की 2030 पर्यंत पंधरा वर्षांच्या आतील 90 टक्के मुलींना लस, पस्तीस आणि पंचेचाळीस या वयांत 70 टक्के स्त्रियांची तपासणी, आणि ज्यांच्यात विकृती आढळेल अशा 90 टक्क्यांना उपचार. आपल्या सरकारने 2016 साली तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी आम्ललेपाच्या तपासणीची योजना आखली. तिची अंमलबजावणी किती झाली हे वर दिलेल्या आकड्यावरून दिसतेच. मधल्या या अंतरात जे प्रश्न आहेत ते प्रयोगशाळेत सुटणारे नाहीत. बिहारमधून आलेल्या बांधकाम मजुराची बायको दिल्लीतल्या आरोग्यकेंद्रात पाऊल टाकते तेव्हा तिला दाराशी कोण भेटते, तिची सासू काय म्हणते, पडद्याआड पुरुष डॉक्टर असला तर ती परतते काय, स्वतःच नमुना घेण्याची कांडी घरी दिली तर ती वापरेल काय, रोजंदारी बुडवून दुसऱ्यांदा येणे तिला परवडते काय, हे प्रश्न मानवशास्त्राचे, अर्थशास्त्राचे, समाजकार्याचे आहेत; आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून विषाणुशास्त्राचे सारे कौशल्य निरुपयोगी ठरते. आजचा विद्यार्थी जर हे प्रश्न आपल्या विषयाबाहेरचे समजत असेल, तर तो दोष त्याचा नाही. ज्यांनी विषयांच्या हद्दी आखल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या राखल्या, त्यांचा आहे.

ज्यांच्या हाती विद्यापीठांचा अंमल आहे, त्या कुलगुरूंना, विद्यापरिषदेच्या सभासदांना आणि महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच की त्यांनी नवी इमारत बांधण्याची घोषणा करण्यापूर्वी एक करार करावा: हिंदुराव रुग्णालय आणि दिल्ली विद्यापीठ यांच्यामधला, दहा वर्षांच्या मुदतीचा, एका नोंदवहीचा आणि एका नीतिसमितीचा. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी हे 1987 साली सुरू होऊ शकले. राजधानीला ते अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.